वॉर्मर ब्लँकेट: धुणे, जपणे आणि शेवटी टाकणे

नवजात बाळाला ऊब देणारे वॉर्मर ब्लँकेट पहिल्यांदा हाताळणारे बहुतेक जण त्याला दुपटे समजतात. बादलीत बुडवायचे, घासायचे, पिळायचे, दोरीवर टाकायचे. दुपटे एवढ्याने लख्ख होते. वॉर्मर ब्लँकेट मात्र अशा थोड्याच धुण्यांत निकामी होते आणि ते निकामी झाले आहे हे वरून दिसतही नाही. म्हणून सगळ्यात आधी एक सवय लावून घ्या: हातात घेतले की ते सुटे करायचे. धुताना सुटे, सुकवताना सुटे, तपासताना सुटे, आणि टाकायची वेळ आली तरी सुटेच.

हा लेख मेणाच्या पाऊचवर चालणाऱ्या, पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या ब्लँकेटबद्दल आहे. गोव्यातल्या आरोग्य केंद्रात नव्याने रुजू झालेल्या नर्स, वॉर्डातले मदतनीस, आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने असे ब्लँकेट घरी आणलेले पालक यांच्यासाठी तो लिहिला आहे. कंपनीगणिक रचना थोडी बदलते. सोबतच्या पत्रकात काही वेगळे सांगितले असेल, तर पत्रकातले खरे धरा.

सुटे केल्यावर काय काय निघते

सगळ्यात आत, बाळाच्या अंगाला लागणारे सुती अस्तर किंवा साधे दुपटे. त्याबाहेर आवरण, म्हणजे झोपायच्या पिशवीसारखा भाग. त्याला आतून पाणी न शिरणारा लेप असतो, मधे ऊब धरणारा कापसासारखा थर असतो आणि कडेला चेन किंवा वेल्क्रो. आवरणाच्या पाठीमागच्या खिशात पाऊच बसतो: जाड प्लास्टिकची सगळीकडून बंद पिशवी, आत मेण. पाऊचवर किंवा खिशापाशी तापमान दाखवणारी पट्टी असते. आणि पाऊच तापवण्याचे साधन वेगळे, विजेचे किंवा गरम पाण्याचे.

या सगळ्यात किंमत आहे ती मेणाची. ते ३७ अंश सेल्सिअसच्या आसपास वितळते आणि गोठते. गोठताना ते साठवलेली उष्णता हळूहळू सोडते, आणि अर्धे गोठलेले, अर्धे पातळ असेपर्यंत त्याचे तापमान जवळजवळ हलत नाही. किलोभर मेणातून गोठताना सुमारे २०० किलोज्यूल उष्णता मिळते. ती चार तासांत वाटली, तर साधारण १४ वॅट होतात. बाळाभोवती ऊब टिकवायला तेवढे पुरते, भाजायला पुरत नाही.

पण हे सगळे मेण गोठत असतानाचे. पूर्ण वितळलेले मेण तापवत राहिलात तर ते ३७ वर थांबत नाही, वरच चढत जाते. उकळत्या पाण्यातून काढलेला पाऊच ६० अंशांवरही असू शकतो. नवख्यांची सर्वात धोकादायक चूक इथेच होते: मेण पाणी-पाणी झाले म्हणजे पाऊच तयार, असे त्यांना वाटते. खरे तर तो तेव्हा तयार नसतो. वितळून झाल्यावर तो बाहेर काढायचा, हाताने हलके मळून आतली उष्णता सारखी करायची, आणि पट्टी ‘तयार’ दाखवेपर्यंत थांबायचे. काठाशी पहिले पांढुरके पट्टे दिसू लागले की मेण गोठायला लागले, म्हणजे ते योग्य तापमानाला आले. तरीही पट्टीवर एकट्या विसंबू नका. पाऊचवर दुपटे ठेवून खाली डिजिटल थर्मामीटर धरा. आकडा ३८ च्या वर असेल तर बाळ ठेवायचे नाही. उलट टोकही लक्षात असू द्या: पाऊच दगडासारखा पूर्ण गोठला की त्याचे काम संपले. त्यानंतर तो थंड होत जातो आणि बाळाचीच ऊब ओढून घेतो.

मायक्रोवेव्ह, गॅसची ज्योत, इस्त्री, उन्हात तापलेला गाडीचा टप, यांपैकी कशावरही पाऊच तापवायचा नाही. दुकानात मिळणाऱ्या, आतली चकती दाबली की गरम होणाऱ्या जेलच्या पिशव्या दिसायला सारख्या असतात. त्यांतले सोडियम अ‍ॅसिटेट ५८ अंशांना गोठते, म्हणून त्या पिशव्या बाळाजवळ नकोतच.

गोव्यात थंडी कुठे असते?

हा प्रश्न दर नव्या तुकडीत कोणीतरी विचारतेच. नवजात बाळाचे काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश असायला हवे. ओले बाळ, डोक्यावर फिरणारा पंखा किंवा चालू एसी, एवढे जमले की मे महिन्यातही ते घसरते. वजन २५०० ग्रॅमपेक्षा कमी असेल तर फारच लवकर.

तरी ब्लँकेट हा दुसरा पर्याय आहे. पहिला पर्याय आईची छाती. कमी वजनाच्या बाळासाठी जागतिक आरोग्य संघटना दिवसातले ८ ते २४ तास त्वचेला त्वचा लावून ठेवायला, म्हणजे कांगारू पद्धतीने सांभाळायला सांगते. आई शस्त्रक्रियेत आहे, ती शुद्धीवर नाही, किंवा बाळ काणकोणहून, वाळपईहून रुग्णवाहिकेतून बांबोळीच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात न्यायचे आहे, अशा वेळी ब्लँकेट कामी येते. घरी शेगडीचे निखारे बाजेखाली ठेवण्याची किंवा धुरी देण्याची पद्धत असेल, तर ब्लँकेट आणि निखारे एका खोलीत आणू नका. आवरणातला थर पेट घेतो, आणि धूर बाळाच्या फुप्फुसांना घातक आहे.

प्रत्येक बाळानंतर स्वच्छता

एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाताना हे पूर्ण करायचेच. एकच बाळ वापरत असेल, तर अस्तर प्रत्येक वेळी बदला, आवरण आणि पाऊच रोज एकदा पुसा, आणि शी-शू, उलटी किंवा रक्त लागले की लगेच.

१. हातमोजे आणि प्लास्टिकचा एप्रन घाला. दूषित अस्तर झटकू नका, आतल्या आत गुंडाळून धुण्याच्या पिशवीत टाका. रुग्णालयात ही सुती अस्तरे डिटर्जंटसह ७० ते ८० अंशांच्या पाण्यात १० मिनिटे धुतली जातात. आवरण आणि पाऊच त्यांच्यासोबत चुकूनही जाऊ देऊ नका. नेमके हेच सर्वात जास्त वेळा घडते, कारण रात्रपाळी संपताना सगळे एकाच गाठोड्यात बांधले जाते.

२. पाऊच खिशातून काढा आणि धुण्याआधी उजेडात धरून बघा. कोपरे, शिवणीसारखी दिसणारी सीलची कड, आणि घडी पडते ती जागा. पाणी लागल्यावर तेलकट डाग ओळखता येत नाही, म्हणून ही पाहणी आधी.

३. लागलेली घाण कागदी रुमालाने टिपून काढा. हा कागद पिवळ्या पिशवीत, म्हणजे रुग्णालयाच्या दूषित कचऱ्यात.

४. कोमट पाणी आणि साधा डिटर्जंट घेऊन मऊ कापडाने आवरणाची लेप असलेली बाजू आणि पाऊच पुसा. चेनचे दात, खिशाचे तळ आणि वेल्क्रो यांना जुना मऊ टूथब्रश. नंतर स्वच्छ पाण्यात पिळलेल्या कापडाने दोनदा पुसा. ही पायरी वगळून थेट ब्लीच लावणे म्हणजे ब्लीच वाया घालवणे: उरलेल्या घाणीतच क्लोरीन खर्ची पडते आणि जंतूंपर्यंत पोहोचत नाही.

५. आता निर्जंतुकीकरण. रक्त लागले असेल तर ०.५ टक्के हायपोक्लोराइट (म्हणजे ब्लीचचे द्रावण), नुसता रोजचा वापर असेल तर ०.१ टक्के. पृष्ठभाग १० मिनिटे ओला राहिला पाहिजे. वर पंखा गरगरत असेल तर तीन-चार मिनिटांतच वाळतो, तेव्हा पंखा बंद, खिडकी उघडी, आणि गरज पडल्यास पुन्हा कापड फिरवा.

६. स्वच्छ पाण्याच्या कापडाने दोनदा पुसून ब्लीच पूर्ण काढा. राहिलेले ब्लीच बाळाची कातडी लाल करते आणि आवरणावरचा लेप ठिसूळ करते.

द्रावण करताना बाटलीवरचा टक्का वाचा, सगळी हायपो सारखी नसते. एक लिटर ०.५ टक्के द्रावणासाठी ५ टक्क्यांचे १०० मिलि आणि ९०० मिलि पाणी, किंवा १० टक्क्यांचे ५० मिलि आणि ९५० मिलि पाणी. बाजारातल्या ४ टक्क्यांच्या ब्लीचचे १२५ मिलि घ्यावे लागते. ०.१ टक्क्यासाठी हेच आकडे पाचाने भागा: २०, १० आणि २५ मिलि. उरलेले पाणी मिळवून एक लिटर करा. द्रावण रोज नवे करा आणि झाकणाच्या, उजेड न शिरणाऱ्या डब्यात ठेवा. उष्णता आणि उजेड या दोन्हींनी हायपोची ताकद उतरते, आणि गोव्यात स्टोअरच्या खिडकीपाशी दोन्ही भरपूर. उन्हाळाभर तिथे पडून राहिलेल्या कॅनवरचा टक्का खरा मानू नका.

ब्लीच आणि संडास साफ करायचे अ‍ॅसिड कधीही एकत्र येऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि न्हाणीसारख्या बंद जागेत तो जिवावर बेतू शकतो. आणखी एक इथली गोष्ट: जांभ्या दगडाच्या भागातल्या विहिरीच्या पाण्यात लोह असेल, तर ब्लीच पडताच पाणी पिवळट होते आणि कापडावर गंजासारखे डाग उमटतात. ते डाग निघत नाहीत आणि मग दरवेळी ‘हे रक्त तर नाही ना’ अशी शंका येत राहते. नळाचे पाणी वापरा.

७० टक्के अल्कोहोलने पाऊच घाईच्या वेळी पुसता येतो, रुग्णवाहिकेत तेच सोयीचे. रोजची सवय मात्र करू नका. वारंवार अल्कोहोल लागून प्लास्टिक कडक होते आणि घडीवर तडकते. पाऊच उकळून निर्जंतुक करायचा नाही आणि ऑटोक्लेव्हमध्येही (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करायच्या यंत्रात) घालायचा नाही. वितळताना मेण फुगते, साधारण दहा टक्क्यांनी, आणि अतिउष्णतेत सीलच उसवते.

फिनेल नको, डांबर गोळ्या तर मुळीच नकोत

फरशी पुसायचे फिनेल हाताशी असते, वासाने ‘स्वच्छ’ वाटते, आणि म्हणून ब्लँकेटवरही फिरवले जाते. काळ्या फिनेलमध्ये फिनॉलच्या जातीची द्रव्ये असतात. नवजात बाळाच्या पातळ कातडीतून ती आत शिरतात, आणि अशा जंतुनाशकांचा संबंध बाळांच्या वाढलेल्या काविळीशी आढळला आहे. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या नवजात कक्षांमध्ये तशा घटनांची नोंद झाली होती. पांढऱ्या फिनेलच्या बाटलीवर घटक धड लिहिलेले असतीलच असे नाही. तेव्हा दोन्ही फरशीपुरतीच.

डांबर गोळ्यांचे प्रकरण याहून गंभीर. पावसाळ्यात कपाटाला कुबट वास येऊ नये म्हणून कपड्यांत गोळ्या टाकणे घरोघरी चालते. त्यांत नॅफ्थलीन असते, तिची वाफ कापडात मुरते आणि श्वासातून व कातडीतून बाळाच्या अंगात जाते. काही मुलांच्या रक्तपेशींत जी-सिक्स-पीडी नावाचे विकर (एन्झाइम) जन्मतः कमी असते, मुलग्यांत हा दोष जास्त. अशा बाळाच्या तांबड्या पेशी नॅफ्थलीनने भराभर फुटतात, कावीळ मेंदूपर्यंत पोहोचू शकते. बहुतेक घरांना आपल्या बाळात हा दोष आहे की नाही हे माहीतच नसते. त्यात आपल्याकडे बाळाला खोबरेल तेलाने माखायची रीत आहे, आणि तेल लावलेल्या त्वचेतून नॅफ्थलीन अधिक सहज शिरते. गोळ्यांसोबत राहिलेले ब्लँकेट एकदा धुऊन वापरायला घेऊ नका. पूर्ण सुटे करून धुवा आणि वास पुरता जाईपर्यंत बरेच दिवस मोकळ्या हवेत राहू द्या. आवरणातल्या थराला वास धरून राहिलाच, तर ते आवरण बाद. कापराच्या वड्याही त्याच कारणाने वर्ज्य.

कपडे मऊ करणारे सुगंधी द्रवसुद्धा टाळा. अस्तराची ओल टिपण्याची ताकद त्याने जाते.

सुकवणे, विशेषतः जून ते सप्टेंबर

उन्हाळ्यातही सुकवायचे ते सावलीत, वाऱ्यावर. आवरण उलटे करून, चेन तळापर्यंत उघडून, पायाकडची बाजू वर बांधून टांगा म्हणजे खिशात पाणी साचत नाही. पाऊच टांगू नका, सपाट ठेवा. कडक उन्हात आवरणाचा लेप कडक होतो, आणि गडद रंगाच्या कापडावर ठेवलेला पाऊच दुपारी नको तितका तापतो.

पाऊस लागला की खरी परीक्षा. पडवीत दोरीवर दोन दिवस टांगलेले आवरण हाताला कोरडे लागते आणि आतल्या थरात पाणी तसेच असते. चार दिवसांनी शिवणीपाशी काळे ठिपके येतात. ती बुरशी. लेपावर वरवर आली असेल तर ब्लीचने जाते. थरात गेलेली जात नाही, फक्त तिचा रंग जातो, आणि मग सगळ्यांची समजूत होते की काम झाले.

ओळखायची सोपी युक्ती स्वयंपाकघरातल्या डिजिटल वजनकाट्याची. एप्रिलमध्ये, पूर्ण कोरडे असताना आवरणाचे वजन करून लेबलवर लिहून ठेवा. पावसाळ्यात सुकल्यावर पुन्हा वजन करा. ३०-४० ग्रॅम जास्त भरले, तर तेवढे पाणी आत आहे. परत पंख्याखाली. घाई म्हणून चुलीवर, हीटरसमोर किंवा केस वाळवायच्या यंत्राने वाळवू नका. त्यापेक्षा पावसाळ्यात एका पाऊचमागे दोन आवरणे ठेवा, एक वापरात, एक वाळत.

ठेवताना प्लास्टिकच्या पिशवीत बंद केले की उरलीसुरली ओल आतच राहते. सुती पिशवी, लोखंडी कपाट, जमिनीपासून वरचा कप्पा. लाकडी कपाटात वाळवी आणि उंदीर, आणि उंदराला मेणाचा पाऊच आवडतो, कोपरा कुरतडायला त्याला एक रात्र पुरते. पाऊच दुमडायचा नाही आणि त्यावर सलाइनची खोकी रचायची नाहीत. किनाऱ्यालगतच्या केंद्रांत खारी हवा धातूची चेन आणि हीटरचे प्लग खाते, ते महिन्यातून एकदा कोरड्या कापडाने पुसून घ्या.

महिन्याची तपासणी

प्रत्येक आवरणाला आणि प्रत्येक पाऊचला स्वतंत्र क्रमांक हवा. क्रमांक कापडी लेबलवर लिहा. पाऊचच्या प्लास्टिकवर थेट मार्करने लिहू नका, त्यापेक्षा दोऱ्याने बांधायचे लेबल घ्या. वहीत पहिल्या दिवशीचे वजन, वापराच्या तारखा आणि प्रत्येक तपासणीचा निकाल.

गळतीसाठी: पाऊच वितळवून योग्य तापमानाला आणा, खाकी कागदावर ठेवा, तळव्याने हलका दाब देत सगळीकडून फिरवा आणि दहा मिनिटे राहू द्या. बाजूही पालटा. कागद उजेडात धरल्यावर भज्यांच्या कागदासारखा पारदर्शक डाग दिसला, तर पाऊच गळतो. सुईच्या टोकाएवढे भोकही यात सापडते, नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाही. वजन दर महिन्याला उतरत असेल तर तेही गळतीचेच लक्षण.

ऊब टिकण्यासाठी: तयार पाऊच आवरणात घाला, बाळाच्या जागी घडी केलेला टॉवेल ठेवा, टॉवेलखाली थर्मामीटर. दर अर्ध्या तासाने आकडा लिहा, ३६ च्या खाली जाईपर्यंत. ही चाचणी नवे असताना एकदा केलेली असेल तरच तिला अर्थ आहे, कारण तुलना पहिल्या दिवसाशी करायची असते. खोलीचे तापमानही सोबत लिहा. जानेवारीच्या पहाटेचा आकडा मे महिन्याच्या दुपारशी जुळणार नाही.

तापमानपट्टी दोन थर्मामीटरशी ताडून बघा. पट्टी एकाच रंगावर अडकली असेल तर पत्रकात बदली पट्टीची सोय आहे का पाहा. नसेल तर पाऊच बाजूला काढा.

वापरात असताना पाऊच फुटला तर

बाळ आधी बाहेर काढा, आईच्या छातीवर द्या, पाठीवर कोरडे दुपटे. मेण लागलेली कातडी मऊ कोरड्या कापडाने टिपा, मग कोमट ओल्या कापडाने पुसून लगेच कोरडी करा. तोंडात किंवा डोळ्यात गेले असेल, अथवा कातडी लाल दिसत असेल, तर डॉक्टरांना ताबडतोब दाखवा. तापमान पुन्हा मोजा, कारण या गडबडीत बाळ गार पडते.

सांडलेले मेण फरशीवर फार घसरडे होते. ते पुसायला धावू नका. थोडे गार पाणी शिंपडा, खोलीच्या तापमानातही ते गोठतेच. मग जुन्या पुठ्ठ्याने खरवडून कचऱ्यात. गरम पाणी ओतून मोरीत ढकलले तर ते नळीत पुढे जाऊन गोठते आणि आठवड्याभरात न्हाणी तुंबते. सेप्टिक टँकमध्ये गेलेले मेण तिथे लवकर कुजतही नाही.

कधी थांबायचे

पाऊच गळतो, सीलची कड पांढरी पडून सुटू लागली आहे, आवरणाचा लेप पापुद्र्यांनी निघतो आहे, थरात बुरशी आहे, किंवा कंपनीने सांगितलेली वापरांची संख्या संपली आहे: यांपैकी एकही पुरे. लेपाला तडा गेला की रक्त आणि लघवी थरात झिरपते, मग कितीही पुसा.

दुरुस्तीचा मोह इथे फार होतो. सेलोटेपच्या कडेखाली घाण साचते. चटकन चिकटणाऱ्या गोंदाने प्लास्टिक कडक होऊन शेजारी फाटते. सुईदोरा तर लेपाला पाच-पन्नास नवी भोके पाडतो. वेल्क्रोतले धागे कंगव्याने काढणे आणि चेनचा सरकता भाग बदलणे, एवढीच दुरुस्ती मान्य.

बाद झालेले पण स्वच्छ आवरण प्रशिक्षणासाठी ठेवता येते. ‘फक्त सरावासाठी’ असे ठळक लिहा आणि एक कोपरा कापून टाका, नाहीतर गर्दीच्या दिवशी कोणीतरी ते पुन्हा बाळाला लावणारच. बाद पाऊच कंबर शेकायला किंवा भाताच्या टोपाखाली ठेवायला घरी नेण्याची कल्पनाही अनेकांना सुचते. नको. त्यात कोणते मिश्रण आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि तो फुटेल तेव्हा ताटाशेजारी फुटेल. त्याच कारणाने मेण काढून पणत्याही करू नका.

घरचे ब्लँकेट बहिणीला किंवा शेजारणीला द्यायचे असेल, तर कागदाची आणि ऊब टिकण्याची, दोन्ही चाचण्या करून, पत्रकासह द्या. पत्रक हरवले असेल तर देऊच नका.

टाकायचे कुठे

रुग्णालयात प्रश्न एकच विचारायचा: हा भाग आत्ता रक्ताने किंवा शरीरद्रवाने दूषित आहे का? जैववैद्यकीय कचरा नियम २०१६ प्रमाणे दूषित कापड, गाद्या, पांघरुणे पिवळ्या पिशवीत जातात, दूषित प्लास्टिक लाल पिशवीत. गोव्यातला हा कचरा कुंडई औद्योगिक वसाहतीतल्या सामायिक प्रक्रिया केंद्रात जातो, आणि प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त साठवता येत नाही. पिशवीवर बारकोड लावून नोंद करा.

म्हणजे थरापर्यंत रक्त मुरलेले आवरण पिवळ्या पिशवीत. त्याला पारदर्शक खिडकी असेल आणि ती पीव्हीसीची असेल तर अडचण आहे, कारण क्लोरीनयुक्त प्लास्टिक भट्टीत जाता कामा नये. आवरण निर्जंतुक झालेले असेल तरच खिडकी कापून वेगळी करा. रक्ताळलेले आवरण कात्रीने कापत बसू नका, तसेच वेगळे बांधून प्रक्रिया केंद्राच्या माणसाला सांगा.

पाऊचच्या बाबतीत विचार उलटा करावा लागतो. लाल पिशवीतले प्लास्टिक पुढे उष्णतेने निर्जंतुक होते आणि श्रेडरमध्ये तुकडे होते. मेण भरलेला पाऊच त्यात गेला की वितळून सगळ्या मालाला आणि पात्यांना माखतो. म्हणून पाऊच आधी वर सांगितल्याप्रमाणे धुऊन, ०.५ टक्के द्रावणाने निर्जंतुक करा. मग तो दूषित राहत नाही, आणि कंपनीकडे परत पाठवता येतो. मेण पुन्हा उपयोगात आणू शकेल तर ती कंपनीच, बाकी कोणी नाही. खरेदीच्या वेळीच ‘जुने पाऊच परत घ्याल का?’ हे लेखी विचारून ठेवा, दहा वर्षांनी विचारून उपयोग नसतो. परत घेत नसतील तर गळका पाऊच दुसऱ्या पिशवीत बांधून, ‘मेणाचा पाऊच, दूषित नाही’ अशी चिठ्ठी लावून सुक्या कचऱ्यासोबत वेगळा द्या. सरकारी केंद्रात हे सगळे करण्याआधी डेड स्टॉक रजिस्टरमधून (सामानाच्या नोंदवहीतून) निर्लेखन, म्हणजे वस्तू बाद झाल्याची अधिकृत नोंद, झालेले हवे. ते राहिल्यामुळेच कित्येक फाटकी ब्लँकेटे वर्षानुवर्षे कपाटात पडून असतात आणि कधीतरी चुकून वापरात येतात.

घरच्यांसाठी: धुऊन, वाळवून, सुटे करून द्या. सुती अस्तर फरशी पुसायला वापरा. आवरण आणि पाऊच पंचायतीच्या किंवा पालिकेच्या सुक्या कचऱ्याच्या गाडीत, दोन वेगळ्या पिशव्यांत. पणजीत वसाहतींमध्ये कचऱ्याची बारीक वर्गवारी चालते, तिथल्या कामगारांना पाऊचमध्ये मेण आहे हे तोंडी सांगा. एवढे मात्र मान्य करायला हवे की कापड, लेप आणि फोम एकमेकांना चिकटवलेले आवरण आजच्या यंत्रणेत फारसे पुनर्वापरात जात नाही. त्यामुळे ते जितकी वर्षे चालवता येईल तितके बरे, आणि वर सुकवण्यावर एवढे लिहिले ते त्यासाठीच. परसात पाल्याबरोबर जाळू नका, पीव्हीसीच्या धुरात आम्ल आणि डायॉक्सिन असतात. ओहोळाकाठी फेकलेली पिशवी पहिल्या पावसात खाजनाच्या (खाडीकाठच्या सखल शेतीच्या) मानशीच्या, म्हणजे पाणी अडवायच्या-सोडायच्या बांधकामाच्या, दारात जाऊन अडकते.

हीटर, अ‍ॅडाप्टर आणि बॅटरीवरची पट्टी यांचा मार्ग वेगळा. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत वैद्यकीय उपकरणेही येतात, पण संसर्गित उपकरणे त्यातून वगळली आहेत. तेव्हा हीटर आधी प्लग काढून, गार करून, ०.१ टक्के द्रावणाच्या पिळलेल्या कापडाने पुसा, बॅटऱ्या काढून टोकांना चिकटपट्टी लावा, आणि मगच अधिकृत ई-कचरा संकलकाकडे द्या. वायर कापून तांब्यासाठी भंगारवाल्याला देऊ नका. संकलकाची पावती वहीत, त्याच क्रमांकाच्या पानावर चिकटवा.